राणीचे ब्रोच: 'ग्रॅनीज चिप्स' कधी निघायचे आणि कोणासमोर?

सोनचाफा

इथे दागिन्यांच्या धाग्यांवर ठुशी, तन्मणी, चिंचपेटी सगळं चघळून झालंय, म्हटलं आता जरा परक्याच्या तिजोरीत डोकावू. इंग्लंडची राणी एलिझाबेथ, दुसरी, हिच्या कुठल्याही फोटोत एक गोष्ट ठरलेली, डाव्या खांद्याखाली ब्रोच. कोट पोपटी असो नाहीतर राणी कलरचा, टोपी कशीही असो, ब्रोच असणारच. ढिगाने होते तिच्याकडे. पण मला बोलायचंय ते एकाच ब्रोचबद्दल, कलिनन तीन आणि चार.

दिसायला अगदी साधा आहे हो. वर चौकोनी हिरा, ६३.६ कॅरेट, आणि त्याला लोंबकळणारा थेंबाच्या आकाराचा दुसरा, ९४.४ कॅरेट. फुलं नाहीत, पानं नाहीत, नक्षी नाही. दोन हिरे आणि त्यांना धरणारं कोंदण, बास.

आता हे आले कुठून, तर २६ जानेवारी १९०५ ला दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या प्रीमियर खाणीत फ्रेडरिक वेल्स म्हणून एक साहेब होता त्याला ३१०६ कॅरेटचा खडा सापडला. खाणीचा चेअरमन थॉमस कलिनन, म्हणून खड्याचं नाव कलिनन. गंमत म्हणजे एवढा मोठा हिरा लंडनमध्ये विकायला ठेवला तर दोन वर्षं गिऱ्हाईकच नाही! शेवटी १९०७ मध्ये ट्रान्सवाल सरकारने दीड लाख पौंडांना घेतला आणि सातव्या एडवर्ड राजाला त्याच्या ६६व्या वाढदिवसाला भेट दिला. राजाने तो अ‍ॅम्स्टरडॅमच्या आशर कंपनीकडे पैलू पाडायला पाठवला, त्यातून १९०८ मध्ये नऊ मोठे आणि ९६ बारके हिरे निघाले. पहिले दोन राजाला, ते आज राजदंडात आणि मुकुटात आहेत. बाकीचे आशर मंडळींना मजुरी म्हणून मिळाले, म्हणजे बघा काय मजुरी असेल. त्यातला एक राजाने स्वतः राणी अलेक्झांड्रासाठी विकत घेतला आणि बरेचसे पुढे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने घेऊन १९१० मध्ये राणी मेरीला दिले. मेरी म्हणजे एलिझाबेथची आजी. तिसरा आणि चौथा त्यातलेच, म्हणून घरात या ब्रोचला नाव पडलं ग्रॅनीज चिप्स. १५८ कॅरेटला चिप्स म्हणायचं, ज्याचं करावं तेवढं कौतुक थोडं.

मेरी आजी मार्च १९५३ मध्ये गेली, नातीचा राज्याभिषेक जूनमध्ये, तो काही तिला बघायला मिळाला नाही. ब्रोच नातीकडे आला. आणि नातीने काय केलं तर ठेवून दिला. चारचौघात पहिल्यांदा लावला तो थेट मार्च १९५८ मध्ये, हॉलंडच्या दौऱ्यावर असताना, आशर कंपनीच्या कारखान्यात जाताना! म्हणजे जिथे तो हिरा फोडला तिथेच, बरोबर ५० वर्षांनी. तिथे ८४ वर्षांचे लुई आशर होते, घराण्यातले जुने. राणीने कोटावरचा ब्रोच स्वतः काढला आणि त्यांच्या हातात दिला, बघा म्हणून. म्हातारबाबांना भरून आलं असं वर्णन आहे.

त्यानंतर हा ब्रोच बोटावर मोजण्याइतक्या वेळाच दिसला. मला विचारायचंय ते हे, की कुठला दागिना कुठे घालायचा हे ती खरंच इतका विचार करून ठरवायची का, की आपण फॅन लोक उगाच अर्थ काढत बसतो?

सदाशिवपेठी

फॅन लोक उगाच अर्थ काढत बसतात. धागा संपला, चहा घ्या.

आणि ते 'भेट दिला' वगैरे जरा जपून. बोअर (तिथले डच वंशाचे गोरे) आणि इंग्रज यांचं युद्ध १९०२ मध्ये संपलेलं, हरलेल्या लोकांच्या सरकारने जिंकलेल्या राजाला पाच वर्षांत एवढा हिरा द्यायचा याला आमच्याकडे नजराणा म्हणतात. जमीन कोणाची, खाणीत राबले कोण आणि वाढदिवस कोणाचा.

सोनचाफा

@सदाशिवपेठी काका, नजराणाच होता, मी कुठे नाही म्हणतेय. पण सरळ हिसकावून घेतला असंही नाही. बोअर सेनापती लुई बोथा तेव्हा ट्रान्सवालचा पंतप्रधान झाला होता, त्याचीच कल्पना ही. विधिमंडळात मतदान झालं, ४२ बाजूने, १९ विरोधात. लंडनच्या पंतप्रधानांनी तर हात झटकून निर्णय राजावर सोडला आणि राजा घेऊ की नको करत होता, त्याला पटवलं कोणी तर चर्चिलने.

सदाशिवपेठी

त्या ६१ जणांत काळा माणूस एक तरी होता का? मत द्यायचा हक्कच नव्हता त्यांना. त्यामुळे ते ४२-१९ मला सांगू नका.

सोनचाफा

हे मान्य. पूर्ण मान्य.

पाचूबंदर

आमचा धंदा सराफीचा, तीन पिढ्या, त्यामुळे थोडं तांत्रिक. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. मूळ खडा ६२१ ग्रॅमचा, सव्वासहाशे धरा. ब्रोचमधले दोन हिरे मिळून १५८ कॅरेट म्हणजे ३१.६ ग्रॅम, दहाच्या तोळ्याने तीन तोळ्यांच्या वर, नुसते हिरे, कोंदण वेगळं. एवढं वजन पातळ कापडाला लावलं तर कापड खाली ओढलं जातं आणि ब्रोच पुढे मान टाकतो, फार वाईट दिसतं. म्हणून असले दागिने जाड लोकरी कोटावर बरे, आणि आतून अस्तराला आणखी एक पट्टी जोडून मग पिन घालायची. आमच्याकडे गिऱ्हाईक बायका शिफॉनच्या साडीला जड ब्रोच लावतात आणि मग साडीला भोक पडलं म्हणून आमच्या नावाने शंख करतात, असो.

दुसरं म्हणजे खालचा थेंब वरच्याला आकड्यात अडकवलेला असतो, घट्ट बसवलेला नाही. चालताना हलतो, आणि हलला की पैलूंवरून उजेड फिरतो, लोंबत्या हिऱ्याची सगळी मजा त्यात आहे. शिवाय सुटे करता येतात म्हणून तर हेच दोन हिरे १९११ च्या राज्याभिषेकाला मेरीच्या मुकुटात बसवता आले आणि एरवी छातीवर. जुन्या घडणावळीत ही सोय असायचीच, आपल्याकडे नाही का एकच पदक कधी तन्मण्याला तर कधी मोत्याच्या सराला.

हिरा फोडण्याबद्दल एक. हिरा कितीही कठीण असला तरी तो चार ठरावीक दिशांनीच सरळ चिरतो. ती दिशा शोधून आधी खाच पाडायची, खाचेत पोलादी पातं धरायचं आणि वर एक फटका. दिशा चुकली तर चुरा. जोसेफ आशरने फेब्रुवारी १९०८ मध्ये फटका मारला तर पहिल्यांदा पातंच तुटलं, हिरा तसाच. नंतर फुटला बरोबर. तो बेशुद्ध पडला वगैरे जे सांगतात ते मीठमसाला आहे, उलट शॅम्पेन उघडली असणार. मग तीन कारागीर दिवसाला १४ तास, आठ महिने, तेव्हा कुठे पैलू पूर्ण झाले.

हिंडफिरी

पाचूबंदर काका मस्त माहिती!! वाचनखूण साठवली.

तो हिरा पोस्टाने आल्याची गोष्ट पण सांगा ना कोणीतरी. आफ्रिकेहून लंडनला आणताना बोटीवर डिटेक्टिव्ह वगैरे ठेवून कॅप्टनच्या तिजोरीत भलताच खडा ठेवला होता आणि खरा हिरा साध्या डब्यात रजिस्टर पोस्टाने पाठवला. आणि लंडनहून अ‍ॅम्स्टरडॅमला नेताना नौदलाचं जहाज रिकामी पेटी घेऊन गेलं, हिरा अब्राहम आशरच्या कोटाच्या खिशात, ट्रेन आणि फेरीने. मी लोकलमध्ये मंगळसूत्र पदराखाली लपवते आणि हा माणूस खिशात ३००० कॅरेट!

अमस्टेलवीनकर

मी इथे अ‍ॅम्स्टरडॅमला असतो त्यामुळे लिहायलाच पाहिजे. आशर कंपनीची ती जुनी इमारत टोलस्ट्राटवर अजून आहे, विटांची, किल्ल्यासारखी. त्या भागाचं नावच डायमंटब्युर्ट आणि गल्ल्यांची नावं रत्नांवरून, नीलम गल्ली, पाचू गल्ली असं समजा. भाडी पण आता रत्नांच्याच भावात आहेत.

पण सोनचाफा ताई, १९५८ च्या प्रसंगात एक गोष्ट राहिली तुमची आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. आशर कुटुंब ज्यू. १९४० मध्ये जर्मन आले, कारखाना गेला, हिरे गेले, घरातल्या लोकांना छळछावण्यांत नेलं. अब्राहम आशर, तोच खिशात हिरा आणणारा, तो बर्गेन-बेल्सनहून जिवंत परतला, पण घरातले बहुतेक लोक आणि युद्धाआधी तिथे जे शेकडो पैलू पाडणारे कारागीर होते त्यातले जवळजवळ सगळे संपले. म्हणजे १९५८ मध्ये राणी ज्या कारखान्यात गेली तिथे १९०८ चं काही आठवणारं माणूस शोधून काढावं लागावं अशी परिस्थिती. त्यात हे ८४ वर्षांचे लुई आशर उभे. त्यांच्यासमोर तिने छातीवरचा ब्रोच सोडवून हातात दिला.

मला राजघराण्यांचं काही प्रेम नाही, कर भरतो तेवढं पुरे आहे, पण हे तिने विचार न करता केलं असं कोणी म्हटलं तर मी नाही मानणार. दागिना आठवणीने लंडनहून बरोबर आणला होता. पाच वर्षं जो कुठेच लावला नव्हता तो नेमका तिथे.

सदाशिवपेठी

हे माहीत नव्हतं. या एका प्रसंगापुरता मी गप्प.

मुक्ता_लंडन

मी बघितलाय प्रत्यक्ष!! २०१२ च्या उन्हाळ्यात डायमंड ज्युबिलीनिमित्त बकिंगहॅम पॅलेसमध्ये हिऱ्यांचं प्रदर्शन लावलं होतं, नऊपैकी सात कलिनन एका ठिकाणी. मी गेले तेव्हा एवढी गर्दी की काचेपाशी पोचेपर्यंत पुढच्या काकूंचा परफ्यूम पाठ झाला. फोटोत तो वरचा चौकोनी हिरा काचेच्या लोलकासारखा थंडगार वाटतो ना, समोर तसा अजिबात नाही, कोपरे गोलसर आहेत आणि जरा डोकं हलवलं की आत पायऱ्या पायऱ्या उतरत गेल्यासारखं दिसतं. रंग शून्य, पाणी म्हणजे काय ते तिथे कळतं. खालचा थेंब चांगलाच मोठा आहे. मला तर वाटलं हे लावून बाई ताठ कशी चालते.

त्याच वर्षी ५ जूनला सेंट पॉल्समध्ये ज्युबिलीची प्रार्थना होती तिथे तिने हाच लावला होता, फिकट हिरव्या ड्रेसवर. नवरा, फिलिप, आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झालेला त्यामुळे ती एकटीच पायऱ्या चढून गेली. मी टीव्हीसमोर होते ऑफिसला दांडी मारून, सॉरी, सुट्टीच होती त्या दिवशी.

कोणी लंडनला येणार असेल तर पहिला आणि दुसरा कलिनन टॉवर ऑफ लंडनमध्ये कायम बघायला मिळतात, तिथे मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, उभं राहून बघत बसता येत नाही, पट्टा नेतो पुढे. मी परत मागे जाऊन पुन्हा पट्ट्यावर चढते, कोणी काही बोलत नाही.

झणझणीत

ट्रम्पवाली गोष्ट कोणीच नाही काढली? जुलै २०१८. तो इंग्लंडला आला त्या दिवशी राणीने ओबामा नवरा-बायकोने २०११ मध्ये दिलेला ब्रोच लावला, छोटासा, सोन्याचा, हिरवट दगडाचा. दुसऱ्या दिवशी विंडसरला ट्रम्पबरोबर चहा, तेव्हा आईचा हिऱ्यांचा कोयरीच्या घाटाचा ब्रोच, जो आईने सहाव्या जॉर्जच्या, म्हणजे नवऱ्याच्या, अंत्ययात्रेला लावला होता म्हणतात. तिसऱ्या दिवशी बेल्जियमचे राजा-राणी भेटायला आले तेव्हा कॅनडाने दिलेला नीलमचा स्नोफ्लेक, आणि कॅनडाशी ट्रम्पचं तेव्हा वाजलेलं!! तोंडातून अवाक्षर नाही, सगळं खांद्यावर. सासूबाईंनी सुनेच्या माहेरच्यांसमोर मुद्दाम जुनी साडी नेसावी तसं. माझी आवडती राणी.

पाचूबंदर

@झणझणीत, हे मला नाही पटत. तोच कोयरी ब्रोच तिने एरवीही लावलेला आहे, सुतकाचा म्हणून बाजूला काढून ठेवलेला नव्हता. आणि जिच्याकडे एवढे ब्रोच, त्यात प्रत्येकाला काही ना काही इतिहास, तिथे कुठलाही उचला, टोमणा निघणारच. उद्या तिने मोत्याचा लावला असता तर कोणीतरी शोधून काढलं असतं की हा मोती अमेरिकेवर रुसलेल्या कुणीतरी दिला होता.

झणझणीत

एक असता तर योगायोग म्हटलं असतं. तीन दिवस लागोपाठ?

मुक्ता_लंडन

मधला मार्ग काढते. परदेश दौऱ्यात त्या देशाने दिलेलं काहीतरी लावायचं ही पद्धत तर उघड होती, त्यात शोधायचं काही नाही. कॅनडाला जाताना हिऱ्यांचं मेपलचं पान, मूळ तिच्या आईचं, १९३९ पासूनचं. तिने स्वतः राजकन्या असताना १९५१ च्या दौऱ्यात लावलं, मग कितीतरी वर्षांनी २०११ मध्ये केट लग्नानंतर कॅनडाला गेली तर तिच्या अंगावर तेच पान. तेवढं ठरवून असायचं. टोमण्यांचं मात्र मलाही जरा ताणलेलं वाटतं, कारण ती बाई सत्तर वर्षं कुठल्या बाजूला झुकली नाही आणि चहाला झुकेल?

जालन्याचा_जावई

मेपल झालं, आता आमच्याकडचं गुलाब घ्या. १९४७ च्या नोव्हेंबरात एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हा हैदराबादच्या निजामाने कार्टिए या बड्या जवाहिऱ्याकडे निरोप दिला की पोरीला काय हवं ते घेऊ दे, बिल माझ्याकडे. तिने हिऱ्यांचा हार आणि एक टियारा घेतला. त्या टियारावर तीन गुलाबाची फुलं होती, ती सुटी करून ब्रोच म्हणून लावता यायची. १९७३ मध्ये टियारा मोडून हिरे दुसऱ्या, माणकांच्या टियारात गेले पण गुलाबाचे ब्रोच तिने ठेवले आणि लावले पण.

आता तारीख बघा. लग्न २० नोव्हेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन तीन महिने, आणि आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात, १५ ऑगस्टला आमच्याकडे काही झेंडा लागला नव्हता. गावोगाव रझाकारांचा धुमाकूळ, आमच्या सासरेबुवांच्या घरच्यांनी दागिने मडक्यात घालून गोठ्यात पुरलेले, आणि निजाम तिकडे कार्टिएचं बिल भरतोय. आम्ही सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यामुळे ते गुलाब कितीही सुंदर असले तरी मला त्यात आमचा सारा दिसतो.

सदाशिवपेठी

आता कसं बोललात.

गोदातीर

दागिन्यांत सारा बघायचाच असेल तर आमच्या नाशिकपर्यंत या. त्र्यंबकेश्वराचा हिरा, ज्याला जगात नासक डायमंड म्हणतात, तो १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रजांकडे गेला आणि त्याच वर्षी लंडनच्या बाजारात. पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या तलवारीच्या मुठीत बसला. मुळात ९० कॅरेटच्या आसपास होता, दोनदा पैलू पाडून आता ४३ च्या थोडा वर. राजाच्या ब्रोचमध्ये गेला नाही एवढंच, म्हणून अवांतर.

पण कोहिनूर मात्र ब्रोचमध्ये गेला होता हे लोकांना माहीत नसतं, सगळ्यांना मुकुटच माहीत. १८४९ मध्ये पंजाबच्या गादीवरच्या दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून करार करून घेतला, डलहौसीने स्वतः लाहोरहून मुंबईला आणला, तिथे जहाजाची वाट बघत सरकारी तिजोरीत पडून होता आणि एप्रिल १८५० मध्ये मिडिया नावाच्या युद्धनौकेवरून मुंबईहूनच गेला. वाटेत जहाजावर कॉलरा, मग वादळ. लंडनला १८५१ च्या प्रदर्शनात मांडला तर लोकांना आवडलाच नाही, चमकत नाही म्हणून. मग १८५२ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमहून कारागीर आणून (पुन्हा अ‍ॅम्स्टरडॅम!) १८६ कॅरेटचा १०५.६ करून टाकला. आणि व्हिक्टोरियाने तो ब्रोचमध्ये बसवून छातीवर लावला. तिचं १८५६ चं पोर्ट्रेट आहे विंटरहाल्टरने काढलेलं, त्यात दिसतो. ज्या पोराकडून घेतला तो दुलीपसिंग तेव्हा तिच्याच दरबारात पाहुणा.

सोनचाफा

@गोदातीर खूपच छान, आणि यातून एक सुचलं. २०२३ च्या राज्याभिषेकाला कॅमिलाने राणी मेरीचाच मुकुट घातला. १९११ मध्ये त्या मुकुटात पुढे कोहिनूर होता. २०२३ मध्ये तो मुद्दाम टाळला, आपल्याकडे बोंब झाली असती, आणि त्याऐवजी बसवले कोण, तर आपल्या या धाग्याचे नायक, तिसरा आणि चौथा कलिनन, शिवाय पाचवा, जो बदामाच्या आकाराचा १८.८ कॅरेटचा आहे आणि एलिझाबेथ वेगळा ब्रोच म्हणून बऱ्याचदा लावायची. म्हणजे १९१४ मध्ये त्या मुकुटात स्फटिकाचे नकली खडे बसवले होते, तिथे आता असली परत. सदाशिवपेठी काका म्हणतील एका वादाच्या जागी दुसरा.

सदाशिवपेठी

म्हणणारच होतो.

रानवाटा

दागिन्यातलं कळत नाही पण एक फुलाचं सांगतो. राणीकडे फ्लेम लिलीचा हिऱ्यांचा ब्रोच होता, १९४७ मध्ये २१व्या वाढदिवसाला दक्षिण ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आताच्या झिंबाब्वेच्या, शाळकरी मुलांनी वर्गणी काढून दिलेला. हे फूल म्हणजे आपली कळलावी! पावसाळ्यात सह्याद्रीत कुठल्याही कुंपणावर चढलेली दिसते, लाल-पिवळ्या उलट्या पाकळ्या, पानाच्या टोकाला तार. कंद जहाल विषारी. झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल आहे ते.

आणि हा ब्रोच कधी दिसला माहितीये का, फेब्रुवारी १९५२ मध्ये केनियात असताना वडील गेल्याचं कळलं, २५ वर्षांची पोरगी काळा कोट घालून विमानातून राणी म्हणून उतरली, तेव्हा कोटावर हीच कळलावी होती. माझ्या मते त्यात कुठलाही संदेश नव्हता. आफ्रिकेचा दौरा होता म्हणून आफ्रिकेच्या मुलांनी दिलेला ब्रोच सामानात असणार, घाईत तोच लावला.

मुक्ता_लंडन

@रानवाटा किती बरोबर! मला हे ट्रम्पपेक्षा जास्त आवडलं.

घरच्या प्रसंगांचंही सांगते. विल्यमच्या लग्नात, २०११, हिऱ्यांच्या गाठीचा, ट्रू लव्हर्स नॉट, मेरी आजीचाच. हॅरीच्या लग्नात, २०१८, रिचमंड ब्रोच, तोही मेरी आजीचाच, तिला १८९३ मध्ये लग्नात रिचमंड गावाने दिलेला. आणि एप्रिल २०२१, कोविडचे दिवस, फिलिपची अंत्ययात्रा, चॅपेलमध्ये मास्क लावून ती बाकावर एकटी, तेव्हा परत तोच रिचमंड. नातवाच्या लग्नाला जो, तोच नवऱ्याच्या जाण्याला. वर्षभराने त्याच्यासाठी प्रार्थनासभा झाली मार्च २०२२ मध्ये तिथे मात्र त्याने स्वतः १९६६ मध्ये दिलेला ब्रोच, भुंग्यासारखा, सोनं, माणकं आणि हिरे. बाजारभावाने तो ग्रॅनीज चिप्सच्या पासंगालाही पुरणार नाही.

हिंडफिरी

हे वाचून गलबललं.

झणझणीत

बघा, म्हणजे अर्थ असतो!

पाचूबंदर

घरच्या माणसांपुरता असतो, मी कुठे नाही म्हटलं. माझा आक्षेप चहाच्या टोमण्यांना होता.

आणि एक निरीक्षण. दुःखाच्या दिवशी मोठे हिरे नाहीत. कलिनन कधी, तर स्वतःच्या पदाचा सोहळा असेल तेव्हा किंवा ज्यांनी तो घडवला त्यांच्या दारात. माणूस गेलेला असताना १५८ कॅरेट लावून जाणं दिसायलाच वाईट, हे कुठल्याही घरातल्या मोठ्या बाईला कळतं.

जालन्याचा_जावई

एक बाळबोध प्रश्न. हे सगळं आता चार्ल्सकडे आलं असेल तर वारसा कर किती भरला असेल त्याने? तिकडे ४० टक्के आहे म्हणतात.

अमस्टेलवीनकर

शून्य. १९९३ मध्ये सरकारशी ठरलंय, राजाकडून पुढच्या राजाकडे जे जाईल त्याला वारसा कर नाही. मधल्या मुलांना वाटलं तर लागेल. म्हणून मोठ्या चीजा एकाच रांगेत खाली सरकतात.

सदाशिवपेठी

वा! आमच्याकडे आईच्या चार पाटल्या वाटताना भावाभावांत बोलणं बंद झालं, यांचं बरं आहे, कर नाही की वाटणी नाही.

सोनचाफा

काका, वाटणी नाही कसं, भाऊबंदकीचा मोठा दावा झालाय त्या घरात, आणि त्यातूनच ब्रोच निघालेत!

१८३७ मध्ये व्हिक्टोरिया गादीवर आली. तोपर्यंत इंग्लंड आणि जर्मनीतलं हॅनोव्हर यांचा राजा एकच असायचा, पण हॅनोव्हरला बाई गादीवर चालत नव्हती, म्हणून ते गेलं काकाकडे, अर्न्स्ट ऑगस्टकडे. काका म्हणाला, आई शार्लट राणीचे दागिने हॅनोव्हरचे आहेत, परत द्या. व्हिक्टोरिया म्हणाली इंग्लंडच्या पैशाने घेतलेत, देत नाही. आणि मुद्दाम तेच दागिने घालून मिरवायची. दावा वीस वर्षं चालला, काका १८५१ मध्ये मेला, त्याच्या मुलाने पुढे चालवला. शेवटी निकाल बाईंच्या विरोधात गेला आणि १८५८ च्या सुरुवातीला बराचसा ऐवज मोजून द्यावा लागला.

मग रिकाम्या झालेल्या पेटीत काहीतरी हवं म्हणून त्याच वर्षी लंडनच्या गॅरार्ड जवाहिऱ्याकडून हिऱ्यांच्या बो-च्या आकाराचे तीन ब्रोच करून घेतले, तिन्हींत मिळून पाचशेच्या वर हिरे. रिबिनीची गाठ मारून टोकं सोडलीत असे दिसतात, मधोमध आकडा आहे म्हणजे खाली थेंब लटकवता येतो. एलिझाबेथपर्यंत सगळ्या राण्यांनी लावलेत. आणि एकदा हात पोळलेला असल्यामुळे व्हिक्टोरियाने मरताना ते कुठल्या मुलीला दिले नाहीत, गादीच्या नावावर करून ठेवले. नऊ मुलं होती तिला, दुसरं करणार काय?